स्टूल किमतीत धरलेलं नाही

मंगळवारी दुकानात कुणी फिरकत नाही,
म्हणून मी गिटारींवरची धूळ पुसत होतो.
बाई आत आल्या. सत्तरी उलटलेली, हातात रिकामी पिशवी.
म्हणाल्या, ड्रम हवेत. विजेचे. स्वस्तातले.
नातवासाठी का, मी विचारलं.
त्यांनी डावा कान पुढे केला, मग उजवा.
"माझ्यासाठी. आणि जरा मोठ्यानं बोल."

वूचमध्ये हे लगेच ओळखू येतं.
माझी आत्याही अशीच, समोरच्याच्या ओठांकडे बघत ऐकायची.
बावीस वर्षं गिरणीत, अठरा मागांच्या मधोमध.
त्या गिरणीत आता बूट मिळतात, आइस्क्रीम मिळतं,
सरकता जिना आहे.

बोगुमिवाबाईंकडे चौदाशे झ्वोती होते.
पाकिटातून काढून त्यांनी ते काउंटरवर मांडले,
एकेक नोट दाबून, सपाट करून.
वर एक दमडी नाही, म्हणाल्या.

मी पाठ केलेलं सुरू केलं.
रबराचे पॅड स्वस्त, पण टणक;
रात्री मनगटाला कळतं.
शिवाय टकटक अशी, की शेजारच्याला वाटावं
ही बाई मध्यरात्री गाजरं चिरतेय.
जाळीचे पॅड बरे, काठी अलगद परत देतात, पण महाग.
खोक्यावर लिहिलंय साडेतीनशे आवाज,
त्यातले पाच वाजवाल, उरलेले वाढदिवसाला.
दुधाची तहान ताकावरच भागवायची आहे,
तर निदान ताक ताजं घ्या.
आणि फोटोत दिसतं ते सगळं खोक्यात नसतं:
काठ्या वेगळ्या, हेडफोन वेगळे,
स्टूल किमतीत धरलेलं नाही.

त्या ऐकत नव्हत्या.
महागातला पॅड त्यांनी स्टँडवरून काढला,
खिडकीशी नेला, उजेडात धरला,
जाळीवरून अंगठ्याचं नख फिरवलं.
"ताणा सैल आहे. सहा महिन्यांत पोट सुटेल."
मग दुसरा, खालच्या फळीवरचा, धूळ खात पडलेला,
ज्याचं नाव मीही नीट घेत नाही.
दुपदरी. त्यांनी मान डोलावली.
"हा कुणीतरी जागेपणी विणलाय."

बाराशे ऐंशीला.
काठ्या आणि साधे हेडफोन धरून पाकीट रिकामं झालं.

आता पायाचा पेडल, मी ओरडून सांगितलं,
हाताचं वाजवणं भिंती गिळतात,
पायाचं थेट खालच्याच्या छतात उतरतं.
खाली कोण राहतं?
"गेर्वाझी," त्या म्हणाल्या,
जसं कुणी म्हणतं, दाढदुखी.
मग मी चेंडूंची युक्ती सांगितली:
प्लायवुडच्या दोन फळ्या, मध्ये टेनिसचे जुने चेंडू,
निम्मे खालच्या भोकांत बसवलेले, निम्मे वरच्या.
"किती?"
वीस तरी.
"माझ्याकडे अकरा आहेत. कुत्रा मेला गेल्या वर्षी."

गुरुवारी मीच नेऊन दिलं. चौथा मजला, लिफ्ट बंद.
अकरा चेंडूंवर फळी कोपऱ्यात किंचित डुगडुगत होती.
त्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसल्या,
खाली घडी घातलेली गोधडी, तरी ठेंगण्याच.
पुस्तिका उघडली नाही. हेडफोन खोक्यातच.
सुरू झाल्या.

चार ठोक्यांचा तो पहिला धडा नव्हता.
ठक, एक ओढ, ठक, मग अर्धी ओढ,
कुणीतरी धोटा या टोकाकडून त्या टोकाला फेकतंय.
खोलीत ऐकू येत होतं एवढंच,
पत्र्यावर चिमण्या उतरल्यासारखं.
त्यांनी मला खुणावलं: हात फळीवर ठेव.
ठेवला.
एवढी वर्षं मी हे विकतो आहे.

गेर्वाझी वर आला नाही.
झोपला असेल. किंवा तोही त्याच गिरणीतला असेल,
मी विचारलं नाही.

पुढच्या मंगळवारी पुन्हा रिकामी पिशवी.
हेडफोन काउंटरवर ठेवले, वेष्टनासकट.
"हे परत घे. यांत फक्त ऐकू येतं.
त्या पैशांत स्टूल बसतं का बघ."

बसत नव्हतं. बावीस झ्वोती कमी पडत होते.
मालकाला सांगितलं, गिटारींमागे सापडले,
धूळ पुसताना.